दाखल झाल्यानंतरचा ताप

पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकांवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. लावणी करताना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) झालेला किंवा रात्री अंथरुणात मण्यार चावलेला माणूस दाखल होतो. पहिले दोन-तीन दिवस काही खरं नसतं. मग लघवी सुटते, श्वास सुधारतो, डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी होतो. आणि सहाव्या दिवशी हुडहुडी भरून पुन्हा ताप चढतो, रक्तदाब खाली येतो. नातेवाईक विचारतात, "आणलं तेव्हा हा ताप नव्हता, मग आला कुठून?" उत्तर बहुधा "इन्फेक्शन वाढलंय" एवढंच मिळतं. वाढलं म्हटलं की जुनंच दुखणं पुढे सरकलं असं वाटतं. पण लेप्टोचा जंतू वेगळा आणि सहाव्या दिवशी रक्तात सापडणारा क्लेब्सिएला वेगळा. पहिला चिखलातून आला. दुसरा बहुतेक वेळा रुग्णालयातच जडलेला असतो.

या दुसऱ्या जंतूची मोजणी कशी होते, ती का अवघड आहे आणि ती फक्त दिल्ली-मुंबईच्या रुग्णालयांनी करून का भागणार नाही, हे या लेखात पाहायचं आहे. डोळ्यांपुढे सावर्डे ठेवू. चिपळूण तालुक्यातलं हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे, कोकण रेल्वेवर आहे, आणि त्याच्या लगत डेरवणला वालावलकर रुग्णालय व त्याला जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यापाड्यांच्या मधोमध व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि जंतूंची प्रयोगशाळा एकाच आवारात असावी, ही सोय कोकणात फार ठिकाणी नाही. पुढच्या विवेचनात कुठल्याही एका रुग्णालयाच्या कारभाराचा निवाडा करायचा नाही; मोठ्या शहरापासून दूर असलेल्या अशा ठिकाणाहून प्रश्न कसा दिसतो, एवढंच पाहायचं आहे.

नळीवाटे रक्तात

निरोगी माणसाच्या कातडीवर, तोंडात, आतड्यात जंतूंची गर्दी असते, पण रक्तप्रवाह जवळपास निर्जंतुक असतो. चुकूनमाकून आत शिरलेले थोडे जंतू यकृत आणि प्लीहा गाळून काढतात. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या माणसाच्या शरीराचं हे कुंपण आपणच उघडतो, आणि ते उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. रक्तदाब टिकवणारी तीव्र औषधं हाताच्या बारीक शिरेतून दिली तर ती शीर आणि आजूबाजूचं मांस जळू शकतं. म्हणून मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा जांघेतून एक लांब नळी मोठ्या शिरेत सरकवतात. तिचं टोक बहुधा हृदयाच्या अगदी जवळ असतं. हीच सेंट्रल लाइन. डायलिसिससाठीही अशीच, जरा जाड नळी घालतात. लेप्टोने मूत्रपिंडं बंद पडलेल्या किंवा फुरसं-घोणस चावून रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाचा जीव अनेकदा या नळीनेच वाचतो.

जंतू तिच्यावाटे दोन मार्गांनी शिरतात. एक, नळी जिथे कातडीतून आत जाते तिथून, तिच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरत. दोन, औषध सोडायच्या तोंडातून: दिवसातून कितीतरी वेळा ते तोंड उघडतं, आणि प्रत्येक वेळी उघडणारे हात धुतलेले नसले किंवा तोंड स्पिरिटने नीट पुसलेलं नसलं की वाट मोकळी होते. प्लास्टिकवर चिकटलेले जंतू स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात. या थरात औषध नीट पोचत नाही, आणि आतले जंतू इतक्या संथपणे वाढतात की वाढत्या जंतूंवर काम करणारी औषधं त्यांच्यापुढे फिकी पडतात. त्यामुळे रक्तात जंतू सापडले की नुसतं इंजेक्शन बदलून सहसा भागत नाही, नळीही काढावी लागते. आणि गरज संपलेली नळी "असू दे, लागली तर" म्हणून आणखी दोन दिवस ठेवणं हा निष्काळजीपणाचा सर्वांत साधा आणि सर्वांत महाग प्रकार आहे.

औषध का लागू पडत नाही

पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूच्या बाहेरच्या भिंतीचं बांधकाम अडवतात. या औषधांच्या रेणूत चार अणूंचं एक कडं असतं आणि औषधाची सारी करामत त्या कड्यात असते. ते कडं तोडणारी रसायनं जंतूंनी फार पूर्वीच घडवली. मग माणसाने अशा रसायनांना सहजी न तुटणारी औषधं शोधली. मेरोपेनेम आणि त्याची भावंडं, म्हणजे कार्बापेनेम गटातली औषधं, ही त्यांतली शेवटच्या फळीची. अतिदक्षता विभागाच्या बिलात हे नाव पुष्कळांनी वाचलं असेल. आता त्यांचंही कडं तोडणारी रसायनं जंतूंकडे आहेत. त्यांतल्या सर्वांत कुप्रसिद्ध रसायनाचं नाव एनडीएम. ते बनवायची कृती सहसा जंतूच्या मुख्य जनुकसाठ्यात नसते, तर डीएनएच्या एका सुट्या गोल तुकड्यावर असते, आणि हा तुकडा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. दुसरा जंतू वेगळ्या जातीचा असला तरी बिघडत नाही.

अतिदक्षता विभागात जवळपास प्रत्येक रुग्णाला प्रतिजैविकं चालू असतात. औषधाला बळी पडणारे जंतू मरतात आणि रिकाम्या झालेल्या आतड्यात, कातडीवर, खाटेच्या कठड्यावर न जुमानणारे जंतू पसरतात. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ते उडत जात नाहीत, हातांवर बसून जातात. म्हणून रुग्णालयात जडलेला संसर्ग आणि गावातून आलेला संसर्ग यांची गल्लत करून चालत नाही. दोन्हींत ताप सारखाच येतो. पण गावातून आलेल्यात साधं औषध लागू पडायची शक्यता बरीच असते, रुग्णालयात जडलेल्यात फार कमी.

ही अतिशयोक्ती नाही. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सीडीसी यांच्या साथीने देशात एक जाळं उभं राहिलं. मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या दीड वर्षात त्यातल्या २६ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांनी रुग्णालयात जडलेले २,६२२ रक्तसंसर्ग नोंदवले. सर्वांत जास्त वेळा सापडला तो क्लेब्सिएला, आणि रक्तातल्या त्या क्लेब्सिएलांपैकी ७२ टक्के कार्बापेनेमला दाद देत नव्हते. असिनेटोबॅक्टर नावाच्या दुसऱ्या जंतूच्या बाबतीत हा आकडा ७७ टक्के होता. अशा वेळी उरतं ते बहुधा कोलिस्टिन, मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून एकेकाळी बाजूला ठेवलेलं जुनं औषध. लेप्टोतून नुकती कुठे मूत्रपिंडं सावरलेल्या माणसाला ते द्यायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मोजायचं काय आणि भागायचं कशाने

मोजणीचा पहिला प्रश्न सरळ आहे: संसर्ग बाहेरून आला की इथेच जडला? जगभर वापरला जाणारा संकेत असा, की दाखल झालेला दिवस हा पहिला धरायचा आणि संसर्गाची लक्षणं तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर सुरू झाली तर तो रुग्णालयात जडलेला मानायचा. सेंट्रल लाइनच्या खात्यावर तो टाकायचा असेल तर नळी दोन दिवसांहून अधिक काळ आत असली पाहिजे, आणि लक्षणं दिसली त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी ती जागेवर असली पाहिजे. शिवाय रक्तातला जंतू मुळात फुप्फुसातून किंवा लघवीच्या मार्गातून आलेला नाही, हेही पाहावं लागतं. तसा तो आला असेल तर तो नळीचा दोष नाही. ही शेवटची अट शास्त्राला धरून आहे, पण पळवाटही तीच आहे. नको असलेला संसर्ग "न्यूमोनियातून आला" म्हणून दुसऱ्या खात्यावर ढकलायला फार कष्ट पडत नाहीत.

तीन दिवसांची रेघ ही सोयीसाठी ओढलेली रेघ आहे, निसर्गाने आखलेली नव्हे. नवजात बाळांच्या बाबतीत ती कशी डगमगते हे दिल्लीतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. २०११ ते २०१४ या काळात तीन मोठ्या रुग्णालयांतली १३,५३० बाळं त्यात पाहिली गेली. रूढ समज असा, की पहिल्या ७२ तासांतला संसर्ग आईकडून येतो आणि नंतरचा वॉर्डातून. इथे मात्र बहुतेक संसर्ग पहिल्या ७२ तासांतच सुरू झालेले होते, आणि जंतू होते असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला यांसारखे, रुग्णालयात मुरलेले आणि अनेक औषधांना न जुमानणारे. म्हणजे बाळंतपणाच्या खोलीतच, जन्मल्या जन्मल्या संसर्ग होत असण्याची शक्यता बळावते. निव्वळ रेघेवर विसंबून मोजणी केली असती तर हा सगळा भार आयांच्या खात्यावर पडला असता.

दुसरा प्रश्न भागाकाराचा. एका रुग्णालयात वर्षात २० संसर्ग झाले, दुसऱ्यात पाच. कुठलं बरं? सांगता येत नाही. पहिल्यात रोज चाळीस रुग्णांना नळी असेल, दुसऱ्यात रोज दोघांना. म्हणून भाजक म्हणून रुग्णसंख्या घेत नाहीत, तर "लाइन-दिवस" घेतात: रोज ठरावीक वेळी अतिदक्षता विभागात फिरून किती जणांना सेंट्रल लाइन आहे ते मोजायचं आणि महिन्याची बेरीज करायची. हे काम बहुधा एक सिस्टर करते. तिच्या हातात वही असते किंवा संगणक, आणि साऱ्या देशाच्या आकड्यांचा पाया तिची ती रोजची फेरी असते.

| मोजणीचा हिशेब |
|---|
| समजा, एका अतिदक्षता विभागात रोज सरासरी ५ रुग्णांना सेंट्रल लाइन असते. महिन्याचे लाइन-दिवस: ५ × ३० = १५०. |
| त्या महिन्यात नळीमुळे एक रक्तसंसर्ग झाला. दर: १ ÷ १५० × १००० = दर हजार लाइन-दिवसांमागे सुमारे ६.७. |
| दर कमी करायचे दोन मार्ग: नळी जपणं, आणि गरज संपताच ती काढणं. दुसऱ्याने भाजकही घटतो, म्हणून दरासोबत एकूण संसर्गही पाहायचे. |

शून्य आलं म्हणजे काय झालं

इथे खरी गोम आहे. भागाकाराच्या वरच्या ओळीत जो आकडा बसतो तो आपोआप येत नाही. ब्लड कल्चर केलं आणि त्यात जंतू वाढला तरच संसर्ग नोंदीत येतो. ब्लड कल्चर म्हणजे रुग्णाचं रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत टाकून ती शरीराइतक्या उबेत ठेवायची आणि जंतू वाढतात का ते पाहायचं. संसर्ग झालेल्या प्रौढाच्याही एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवं, आणि निदान दोन वेगवेगळ्या जागांहून काढलेलं हवं. दोन जागा यासाठी, की कातडीवरचा निरुपद्रवी जंतू सुईबरोबर बाटलीत जाऊ शकतो. तो एकाच बाटलीत आला तर बहुधा उपरा असतो, दोन्हींत आला तर विचार करावा लागतो. प्रत्यक्षात खर्च वाचवायला एकच बाटली आणि तीत तीन-चार मिलिलिटर रक्त, असंही घडतं. मोठ्या आसाचं जाळं टाकून आलेल्या कोळ्याने समुद्रात मांदेली उरलीच नाही म्हणावं, तसा मग तो रिपोर्ट येतो: वाढ नाही.

त्यातही रक्त कधी काढलं याला फार महत्त्व आहे. उत्तर अमेरिकेतल्या सात इमर्जन्सी विभागांत गंभीर संसर्गाच्या ३२५ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येकाचं रक्त प्रतिजैविक देण्याआधी आणि दिल्यावर दोन तासांच्या आत, असं दोनदा काढलं. आधीच्या रक्तात ३१.४ टक्के रुग्णांत जंतू सापडले, नंतरच्यात १९.४ टक्के. एका डोसाने एवढा फरक पडतो, आणि तो संसर्ग बरा झाला म्हणून नव्हे तर जंतू दिसेनासे झाले म्हणून. आपल्याकडे ताप चढला की आधी इंजेक्शन, मग विचार, ही रीत आहे. जिथे असं होतं तिथे संसर्ग कमी नोंदले जातील, आणि ते रुग्णालय कागदावर अधिक स्वच्छ दिसेल.

यातून जे निघतं ते जरा उलटं वाटेल. जे रुग्णालय मन लावून शोधतं, दोन-दोन बाटल्या भरतं, रोज नळ्या मोजतं, त्याचा आकडा वाईट येतो. जे शोधतच नाही त्याचा आकडा शून्य येतो. म्हणून संसर्गाचा आकडा एकटा कधी वाचू नये. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा: हजार रुग्णदिवसांमागे किती ब्लड कल्चर केली. माझ्या मते हा दुसरा आकडा न देणाऱ्या रुग्णालयाच्या "आमच्याकडे इन्फेक्शन होत नाही" या दाव्याला काडीचीही किंमत देऊ नये. उलट, "आमचा दर सात आहे, गेल्या वर्षी अकरा होता" असं सांगणाऱ्याकडे बेलाशक जावं.

आकड्याची भीती

आकडा सांगितला की बदनामी होते, ही भीती पोकळ नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या चार महिन्यांत मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू मिळाले आणि त्यांतल्या २२ जंतूंत एनडीएम होतं. तिथल्या डॉक्टरांनी ते लपवलं नाही. मार्च २०१० मध्ये भारतातल्याच एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःहून छापलं. गदारोळ झाला तो पाच महिन्यांनी, ब्रिटनमधल्या नियतकालिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांचा अभ्यास आला तेव्हा. जंतूच्या रसायनाला नवी दिल्लीचं नाव (एनडीएममधलं ‘एनडी’) दिल्याबद्दल संताप झाला, परदेशी रुग्णांना भारतातल्या स्वस्त शस्त्रक्रियांपासून परावृत्त करायचा हा डाव आहे अशी चर्चा रंगली. नावाबद्दलची तक्रार रास्त होती. पण त्या भांडणात मुंबईच्या डॉक्टरांनी आधीच वाजवलेली घंटा बरीचशी झाकली गेली. पुढे मार्च २०१४ पासून निवडक प्रतिजैविकांसाठी शेड्यूल एच-१ ची, म्हणजे औषधविक्रीवरची, बंधनं आली आणि २०१७ मध्ये औषध-प्रतिकारावरचा राष्ट्रीय कृती आराखडा. मोजणारे नसते तर याही गोष्टी आणखी लांबल्या असत्या.

आकडा जाहीर करायची सक्ती केल्यावर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडचं आहे. तिथे २००१ पासून प्रत्येक सरकारी रुग्णालय समूहाला एमआरएसए या जंतूचे रक्तसंसर्ग कळवणं बंधनकारक झालं. २००४ मध्ये सरकारने २००८ पर्यंत ते निम्म्यावर आणायचं लक्ष्य दिलं. २००३-०४ मध्ये साडेसात हजारांहून अधिक असलेली ही संख्या २००८-०९ मध्ये तीन हजारांच्या आत आली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी पाच साध्या गोष्टी पाळायच्या ठरवल्या: हात धुणं, नळी घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणं, कातडी क्लोरहेक्सिडिनने पुसणं, जमेल तर जांघ टाळणं, आणि नको असलेली नळी काढणं. सरासरी दर हजार लाइन-दिवसांमागे ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर उतरला. २००६ मध्ये छापलेल्या या निष्कर्षांचं कौतुक "पाच गोष्टी" म्हणून झालं. सहावी गोष्ट, म्हणजे दर महिन्याला आपला आकडा आपल्याला कळत होता, तिच्याकडे कमी लोकांचं लक्ष गेलं.

मात्र सक्तीला पैसे जोडले की गडबड सुरू होते. अमेरिकेत २००८ पासून सरकारी विम्याने अशा संसर्गाचा जादा खर्च द्यायचं थांबवलं, आणि मग एखाद्या तापाला कुठलं नाव द्यायचं यात रुग्णालयाचा आर्थिक हितसंबंध तयार झाला. आपल्याकडे विमा योजनांना असे आकडे जोडायची घाई होऊ नये, असं मला वाटतं. आधी दहा वर्षं निर्भयपणे मोजू द्यावं.

लहान रुग्णालयाचं काय

एम्सच्या जाळ्याचा पुढचा, सात वर्षांचा अहवाल अलीकडे प्रसिद्ध झाला. २०१७ ते २०२४ या काळात ५४ रुग्णालयांतले २०० अतिदक्षता विभाग, ८,६२९ नळीजन्य रक्तसंसर्ग, दर हजार लाइन-दिवसांमागे ८.८३. अमेरिकेत हा दर साधारण एकच्या आसपास असतो. भारतासारख्या देशात असं काम उभं राहणं ही मोठीच गोष्ट आहे. पण जाळ्यातली रुग्णालयं बहुतांशी मोठ्या शहरांतली, शिक्षण देणारी आहेत. महाराष्ट्रातल्या औषध-प्रतिकाराच्या राष्ट्रीय नोंदींतही नावं येतात ती मुख्यतः मोठ्या संस्थांची. कोकणपट्टीतला माणूस त्या आकड्यांत दिसलाच तर मुंबईला हलवल्यावर दिसतो.

यावर पहिला आक्षेप असा, की लहान ठिकाणी मोजून उपयोग काय, संख्या इतकी थोडी की योगायोगच जास्त. आक्षेप अर्धा खरा आहे आणि किती अर्धा तेही गणिताने सांगता येतं. चौकटीतलाच विभाग घ्या: महिन्याला १५० लाइन-दिवस. तिथला खरा दर देशाच्या सरासरीइतका, ८.८३ असेल तर महिन्याला सरासरी १.३ संसर्ग अपेक्षित आहेत. तरीही निव्वळ योगायोगाने चारांतल्या सुमारे एका महिन्यात शून्य येईल. त्या शून्याचे पेढे वाटण्यात अर्थ नाही. पण सलग तीन महिने, म्हणजे ४५० लाइन-दिवस शून्य आलं, तर तसं योगायोगाने घडण्याची शक्यता शंभरात दोनच उरते. तेव्हा एकतर काम खरंच सुधारलं आहे किंवा बाटल्या भरणं बंद पडलं आहे, आणि यांतलं काय ते कल्चरच्या संख्येवरून कळतं. थोडक्यात, लहान विभागाने महिन्याऐवजी तिमाही पाहावी.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: रिपोर्ट येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात, तोवर औषध अंदाजानेच सुरू करावं लागतं, मग कल्चरचा खटाटोप कशाला? पण अंदाज कशावरून बांधायचा, हाच तर मुद्दा आहे. एखाद्या विभागात वर्षभरात सापडलेल्या जंतूंपैकी किती कुठल्या औषधाला दाद देतात याचा तक्ता केला, प्रयोगशाळेत त्याला अँटिबायोग्राम म्हणतात, की अंदाज त्या वॉर्डापुरता नेमका होतो. मुंबईचा तक्ता कोकणात वापरला तर गरज नसताना सर्वांत जहाल औषध आधी दिलं जाऊ शकतं, किंवा गरज असताना साधं. आजच्या रुग्णाचा रिपोर्ट त्याला उशिरा मिळतो, हे कबूल. पण पुढच्या रुग्णाला तो वेळेत मिळालेला असतो.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. चिपळूण, खेड, गुहागर इथल्या आठ-दहा खाटांच्या रुग्णालयाने स्वतःची जंतूंची प्रयोगशाळा चालवावी ही अपेक्षा अवाजवी आहे. तशी गरजही नाही. रक्त भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते. साध्या तापमानात ती काही तासांत प्रयोगशाळेत पोचली की पुरतं. चिपळूणहून सावर्डे अर्ध्या-पाऊण तासावर आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आलाच, तेव्हा एका तालुक्यातल्या लहान रुग्णालयांच्या बाटल्या अशा एका ठिकाणी जाव्यात, तिथून जंतूचं नाव आणि औषधांचा तक्ता परत यावा, ही व्यवस्था कठीण नाही. तिचा खर्च रुग्णाच्या बिलावर टाकला तर मात्र ती पहिल्याच महिन्यात बंद पडेल. सार्वजनिक आरोग्याचा हिशेब सार्वजनिक पैशातून झाला पाहिजे. पाण्याचे नमुने तपासायचे पैसे आपण विहिरीवर आलेल्या बाईकडून घेत नाही.

कुंभार्ली घाट ओलांडताना

शहराबाहेरच्या रुग्णालयांची एक अडचण मोठ्या जाळ्यांना फारशी जाणवत नाही, ती म्हणजे रेफर होणारा रुग्ण. चिपळूण भागातला अत्यवस्थ माणूस कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला जातो, नाहीतर कोल्हापूर, पुणे, मुंबई गाठतो. उलट्या दिशेनेही वाहतूक असते: पैसे संपले, जवळच्या माणसांची रजा संपली, की मुंबईच्या रुग्णालयातून गावाजवळ आणतात, आणि त्यांच्याबरोबर मुंबईचे जंतूही येतात. मग "रुग्ण आमच्याकडे संसर्ग घेऊनच आला" असं दोन्ही बाजू म्हणतात, आणि दोन्ही बाजू काही वेळा खरं बोलत असतात.

या भांडणासाठी नियम आधीच केलेला आहे. हलवलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संसर्गाची लक्षणं दिसली तर तो संसर्ग जिथून हलवलं त्या ठिकाणाच्या खात्यावर जातो. त्यानंतर दिसली तर नव्या ठिकाणाच्या. नियम न्याय्य आहे, पण तो चालायचा तर नव्या ठिकाणाने जुन्याला कळवलं पाहिजे. एकाच इमारतीतल्या दोन वॉर्डांत हे जमतं. दोन जिल्ह्यांतल्या, दोन वेगळ्या मालकीच्या रुग्णालयांत असं कळवायची कुणावर जबाबदारीच नसते. म्हणजे पाठवणाऱ्या रुग्णालयाने प्रामाणिकपणे मोजणी केली तरी त्याच्याकडचे सर्वांत गंभीर रुग्ण नेमके त्याच्या हिशेबातून निसटतात, आणि दर खरोखरीपेक्षा कमी दिसतो.

ही गळती बुजवायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. रेफर चिठ्ठीवर आज बहुधा निदान, दिलेली औषधं आणि रक्तदाब असतो. त्यात तीन ओळी वाढवाव्या लागतील: सेंट्रल लाइन कुठल्या तारखेला, कुठल्या जागी घातली, ब्लड कल्चर घेतलं का, घेतलं तर कधी आणि पहिल्या प्रतिजैविकाच्या आधी की नंतर, आणि याआधी या रुग्णात औषधांना न जुमानणारा जंतू सापडला होता का. खाली प्रयोगशाळेचा फोन नंबर. कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो तेव्हा रुग्ण घाटापलीकडे असतो आणि तिथले डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधत असतात. तो रिपोर्ट पलीकडे कळवणं आणि पलीकडचा अलीकडे मागवणं, हे काम रोज नळ्या मोजणाऱ्या त्याच सिस्टरकडे देता येईल, फक्त तिच्याकडून वॉर्डातली दुसरी चार कामं आधी काढून घ्यावी लागतील.